इंजिनाला कुलूप

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव मराठवाड्यात फटाक्यांसाठी ओळखले जाते. सोलापूरहून बीडकडे निघालात की येरमाळ्यानंतर ते लागते. तिथल्या कारखानदाराला आज दारूचे मिश्रण स्वतःच्या मनाने ठरवता येत नाही. 23 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांपुरतीच परवानगी ठेवली आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तयार केली. स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालयही नागपुरातच आहे. आवाजाची मर्यादा त्याच्याही आधी, 1999 मध्ये ठरली: फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबल. आता सगळ्यांचे मिश्रण सारखेच असेल, तर एकाचा माल दणदणीत आणि दुसऱ्याचा फुसका का निघतो? कसब उरलेल्या जागी सरकते म्हणून. कागदाचे वेढे किती घट्ट, सुतळी किती ताणून गुंडाळली, ठासणी कशी केली, वात कशी बसवली, यावर सगळे ठरते. तीच दारू उघडी असली तर भपकन जळून जाते, घट्ट कोंडली तर धडाका होतो.

फॉर्म्युला वन या जगातल्या सर्वांत महागड्या मोटार शर्यतीत इंजिनाच्या बाबतीत असेच बंधन दोनदा घातले गेले. पहिल्यांदा 2007 ते 2013 आणि पुन्हा 2022 ते 2025. ठरलेल्या तारखेला प्रत्येक कंपनीने आपल्या इंजिनाचे आराखडे आणि तपशील ‘फिया’ या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाकडे सोपवायचे आणि त्यानंतर ताकद वाढवणारा एकही बदल करायचा नाही. शर्यतींसाठी आणलेल्या इंजिनांना महासंघाची सीलही लागतात. ती तोडल्याशिवाय आतला भाग उघडता येत नाही. इंजिन गोठवणे म्हणतात ते हेच. याच्या बाजूने आणि विरोधात वीस वर्षे भांडण चालू आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: इंजिन गोठवायला हरकत नाही, पण मागे पडलेल्याला वर यायची वाट त्याच नियमात लिहिलेली हवी. ती नसेल तर स्पर्धेचा निकाल कुलूप लावण्याच्या दिवशीच लागतो.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. कारचे, ट्रॅक्टरचे किंवा दुचाकीचे नवे मॉडेल भारतात विकायचे तर अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून ते तपासून प्रमाणित करून घ्यावे लागते. धूर किती, ब्रेक कसे, इंजिनाची ताकद किती, हे सगळे कागदावर येते आणि कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी त्या कागदाबरहुकूम असावी लागते. महत्त्वाचा बदल केला की पुन्हा मंजुरी. रस्त्यावरच्या गाडीला हा नियम लागतो तो लोकांच्या सुरक्षिततेसाठी आणि हवेसाठी. शर्यतीत त्याच रीतीचा उपयोग पैशाची उधळपट्टी थांबवायला केला गेला.

उधळपट्टी खरोखरच होती. 1980 च्या दशकात टर्बो इंजिनांच्या जमान्यात पात्रता फेरीपुरते वेगळे इंजिन बसवायचे, त्यातून हजार अश्वशक्तीच्याही वर ताकद काढायची आणि काही फेऱ्यांनंतर ते मोडीत टाकायचे, अशी रीत होती. पुढे टर्बो गेले, तरी उधळपट्टी गेली नाही. 2004 पर्यंत एका शर्यतीच्या तीन दिवसांतच संघ अनेक इंजिने वापरत. त्या वर्षी एका शर्यतीला एकच इंजिन हा नियम आला, 2005 मध्ये एक इंजिन दोन शर्यतींना पुरवायचे ठरले. 2006 मध्ये 2.4 लिटरची आठ सिलिंडरची इंजिने आली आणि कॉसवर्थ या इंग्लिश कंपनीने मिनिटाला 20,000 फेऱ्यांचा टप्पा गाठला. म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला 333 वेळा वर जाऊन खाली येणार. या वेगाला साध्या स्प्रिंगा झडपा वेळेवर मिटवू शकत नाहीत, म्हणून झडपा दाबलेल्या हवेने मिटवतात. असल्या इंजिनातून आणखी पाच-दहा अश्वशक्ती काढायला कंपन्या कोट्यवधी डॉलर ओतत होत्या, आणि प्रेक्षकाला त्यातले काहीच दिसत नव्हते.

महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी 2007 पासून इंजिने गोठवली. फेऱ्यांची मर्यादा 19,000 झाली, 2009 पासून 18,000. एका चालकाला पूर्ण हंगामात आठच इंजिने. कागदावर बचत चोख होती. प्रत्यक्षात काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, कंपन्या काही टिकल्या नाहीत. जागतिक मंदी आली आणि होंडाने डिसेंबर 2008 मध्ये, तर बीएमडब्ल्यू आणि टोयोटाने 2009 मध्ये गाशा गुंडाळला. इंजिनावर वाचलेला पैसा तिजोरीत राहिलाच नव्हता. तो पवनबोगद्यांत, गाडीच्या पंखांवर आणि तळाच्या आकारावर खर्च होत होता. इंजिन गोठवले की खर्च आपोआप घटतो, हा समज तेव्हाच खोटा ठरला. एकूण खर्चाला मर्यादा घातल्याशिवाय एका भागाला कुलूप लावून भागत नाही, हे कळायला महासंघाला पुढे बरीच वर्षे लागली. संघांच्या खर्चावर मर्यादा आली ती 2021 मध्ये.

दुसरी गोष्ट मात्र गोठवण्याच्या बाजूची आहे. कॉसवर्थ 2006 नंतर बाहेर पडली होती. मधली तीन वर्षे कोणालाच फारसे पुढे सरकता आले नव्हते, म्हणून ती 2010 मध्ये जवळपास तेच इंजिन घेऊन परत येऊ शकली. नव्या, गरीब संघांना ते इंजिन मिळाले. त्यांपैकी एचआरटी या स्पॅनिश संघातून आपल्या करुण चंडोकने 2010 मध्ये शर्यती केल्या, सोबत ब्रुनो सेना होता. त्याच वर्षी ब्राझीलला वाळत्या ट्रॅकवर निको हुल्केनबर्गने कॉसवर्थच्या इंजिनावर विल्यम्स संघाची गाडी सर्वांत पुढच्या जागेवर आणून ठेवली. मोकळ्या विकासाच्या काळात तीन वर्षे गैरहजर राहिलेल्या छोट्या कंपनीला हे शक्यच नव्हते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत रंजक. इंजिनाला हात लावायचा नाही, पण त्यातून निघणाऱ्या धुराचे काय? रेड बुल संघाकडे रेनोचे इंजिन होते. ताकदीत ते मर्सिडीजपेक्षा कमी पडे; रेनो मागे पडल्याचे मान्य करून महासंघाने 2009 साठी त्यांना थोडी सुधारणाही करू दिली होती. संघाच्या अभियंत्यांनी नळकांड्यातून सुटणारा गरम वायू गाडीच्या मागच्या तळाकडे वळवला. त्या झोताने तळाखालची हवा अधिक वेगाने ओढली जाई आणि गाडी रस्त्याला चिकटून राही. अडचण एकच होती. वळणावर चालक पाय उचलतो, तेव्हा धूरही कमी होतो, आणि पकड हवी असते नेमकी तिथेच. यावर उपाय इंजिनाच्या लोखंडात नव्हता, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होता. चालकाने पाय काढला तरी हवेची झडप उघडी ठेवायची, ठिणगी उशिरा पाडायची, थोडे इंधन नळकांड्यातच जळू द्यायचे. ताकद चाकांपर्यंत जात नाही, झोत मात्र चालू राहतो. वळणावर त्या गाड्यांचा तडतड असा विचित्र आवाज येई तो यामुळे. 2011 मध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत महासंघाने यावर बंधन आणले, वाद पेटला, बंधन लगेच सैल करावे लागले; शेवटी 2012 साठी नळकांड्याची जागाच नियमाने ठरवून दिली.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011, 2012 आणि 2013 अशा तीन भारतीय ग्रां प्री झाल्या. तिन्ही सेबास्टियन फेटेलने रेड बुल-रेनोवर जिंकल्या. म्हणजे भारतात फॉर्म्युला वन आले ते सबंध गोठवलेल्या इंजिनांच्या काळात, आणि जिंकली ती अश्वशक्तीत मागे असलेली गाडी. गोठवल्याने बुद्धी मरते असे म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षे पुन्हा पाहावीत.

2014 मध्ये सगळेच बदलले. 1.6 लिटर, सहा सिलिंडर, टर्बो, जोडीला दोन वीजयंत्रे. त्यातले एक ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती साठवी, दुसरे टर्बोच्या फिरण्यातून वीज काढी. मुख्य अट इंधनाची होती: तासाला 100 किलोपेक्षा अधिक वेगाने ते इंजिनात जाता कामा नये. त्यामुळे ताकद वाढवण्याचा मार्ग एकच उरला, त्याच इंधनातून अधिक काम काढणे. सिलिंडरच्या डोक्यावर बोराएवढी पोकळी ठेवून आधी तिथे थोडे मिश्रण पेटवायचे आणि तिच्या बारीक छिद्रांतून ज्वाळांच्या पिचकाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये सोडायच्या, म्हणजे तिथले पातळ मिश्रणही पटकन आणि पूर्ण जळते, ही युक्ती याच काळात रुळली. 2017 मध्ये मर्सिडीजने आपले इंजिन चाचणीच्या बाकावर 50 टक्क्यांहून अधिक कार्यक्षम ठरल्याचे सांगितले. आपल्या रस्त्यावरची चांगली पेट्रोल गाडी अनुकूल परिस्थितीत 35 ते 40 टक्क्यांपर्यंत पोचते. गोठवणुकीच्या काळात हा पल्ला गाठता आला नसता, हे विरोधकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

पण तेव्हाही विकास मोकळा नव्हता, टोकनांनी मोजलेला होता. इंजिनाचे भाग मिळून 66 टोकन. 2015 साठी त्यांतल्या 32 टोकनांएवढेच बदल करता येणार. ज्याने पहिल्याच वर्षी बरोबर इंजिन केले त्याचे फावले. मर्सिडीजने 2014 मध्ये 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. 2015 मध्ये होंडा परत आली, मॅक्लारेनच्या गाडीत तिचे इंजिन सारखे बंद पडू लागले, आणि सुधारणा करायची तर टोकन मोजून वापरावे लागले. मॅक्लारेनसारखा नामांकित संघ त्या वर्षी नववा आला, 27 गुण घेऊन. 2017 पासून टोकन रद्द झाले तेव्हा होंडाला श्वास घेता आला. पुढे 2021 मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपेन होंडाच्याच इंजिनावर जगज्जेता झाला. टोकनांची पद्धत आणखी चालली असती तर हे घडले असते का, मला शंका आहे.

दुसऱ्या गोठवणुकीला कारण झाली तीही होंडाच. 2 ऑक्टोबर 2020 रोजी तिने 2021 अखेर बाहेर पडण्याचे जाहीर केले. रेड बुलला इंजिने स्वतःकडे घ्यायची होती, पण दरवर्षी त्यांत सुधारणा करण्याइतकी यंत्रणा त्यांच्याकडे नव्हती. इंजिने गोठवली तरच हे जमणार होते. 11 फेब्रुवारी 2021 रोजी फॉर्म्युला वनच्या आयोगाने एकमताने ते मान्य केले. एका संघाच्या अडचणीसाठी सगळ्यांचे हात बांधले, अशी टीका झाली. तरी इतरांनी होकार दिला, कारण नव्या पिढीच्या इंजिनासाठी सगळ्यांनाच पैसा आणि माणसे मोकळी करायची होती. जळणारा भाग, टर्बो, इंधन यांना 1 मार्च 2022 ही तारीख मिळाली. बॅटरी आणि तिच्या नियंत्रकांना 1 सप्टेंबर 2022.

या नियमात एक फट ठेवलेली होती. एखादा भाग तुटत असेल, तर महासंघाच्या परवानगीने तो मजबूत करता येई. कंपन्यांनी त्यावर डाव मांडला: आधी ताकद काढून घ्या, टिकाऊपणा नंतर दुरुस्त करता येईल. रेनोच्या अल्पाइन संघाने हे धोरण उघडपणे सांगितले होते, आणि 2022 मध्ये फर्नांडो अलोन्सोची गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. फेरारीचेही तेच. शार्ल लक्लेर स्पेनमध्ये आणि नंतर बाकूत आघाडीवर असताना इंजिन गेले, ऑस्ट्रियात कार्लोस साइंझची गाडी पेटली. एवढे करून रेनोचा डाव फसलाच. टिकाऊपणा आला, ताकद मागेच राहिली. 2023 मध्ये सुमारे हजार अश्वशक्तीच्या स्पर्धेत ते 20-30 अश्वशक्तीने कमी असल्याची चर्चा खुलेआम होती. त्यांनी बरोबरी साधण्याची मुभा मागितली, प्रतिस्पर्ध्यांनी ती दिली नाही. 1977 पासून टर्बोचा वारसा सांगणाऱ्या रेनोने 2024 मध्ये जाहीर केले की 2025 नंतर आपण फॉर्म्युला वनचे इंजिन बनवणार नाही. संघ आता मर्सिडीजचे इंजिन विकत घेतो. कारणे अनेक होती, पण सुधारणेचा दरवाजा चार वर्षे बंद असणे हे त्यांतले मोठे होते.

आता मुंबईकडे वळू. महिंद्र समूहाचा ‘महिंद्र रेसिंग’ हा संघ विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत अगदी पहिल्या शर्यतीपासून आहे. 13 सप्टेंबर 2014 रोजी बीजिंगला ती झाली तेव्हा महिंद्रच्या गाड्यांत होते करुण चंडोक आणि ब्रुनो सेना, म्हणजे चार वर्षांपूर्वी कॉसवर्थच्या गोठवलेल्या इंजिनावर एकत्र धावलेली तीच जोडी. पहिल्या हंगामात सगळ्यांची गाडी, मोटर, बॅटरी एकसारखी होती. दुसऱ्या हंगामापासून कंपन्यांना मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स स्वतःचे करण्याची मुभा मिळाली. बॅटरी आणि गाडीचा सांगाडा मात्र सगळ्यांना एकच. या चौकटीत महिंद्रने चांगले नाव कमावले. 10 जून 2017 रोजी बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळावर फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय दिला आणि त्या हंगामात संघ तिसरा आला.

2023 मध्ये तिसऱ्या पिढीच्या गाड्या आल्या. मागची मोटर 350 किलोवॅटची. पुढच्या चाकांवर ब्रेकच्या वेळी वीज साठवणारे 250 किलोवॅटचे दुसरे यंत्र, सगळ्यांना सारखेच. मागच्या चाकांना नेहमीचे तेलाचे ब्रेकच नाहीत. तिथे मोटरच गाडी अडवते आणि वीज परत देते. कंपनीने आपली मोटर आणि तिचे साहित्य एकदा मंजूर करून घ्यायचे आणि ते दोन हंगाम तसेच वापरायचे, असा नियम. महिंद्रची सुरुवात झोकात झाली: जानेवारीत मेक्सिकोला लुकास दी ग्रासी पहिल्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला. पण 25 फेब्रुवारीला केपटाउनमध्ये मागच्या सस्पेन्शनच्या एका भागाबद्दल सुरक्षिततेची शंका आली आणि संघाने दोन्ही गाड्या मागे घेतल्या. महिंद्रचेच साहित्य वापरणाऱ्या एबीटी संघालाही थांबावे लागले. माझ्या मते तो निर्णय अभिमान बाळगण्यासारखा होता. माणसाच्या जिवापुढे गुणांची किंमत नसते. सुरक्षिततेसाठी भाग बदलता येतो, तसा तो बदलला आणि पुढच्या शर्यतीला संघ हजर झाला. वेग मात्र असा बदलता येत नाही. बॅटरीत सगळ्यांना वीज सारखीच मिळत असल्यामुळे कोणाची मोटर तीच वीज अधिक काटकसरीने वापरते यावर शर्यती ठरत होत्या, आणि त्या बाबतीत हात बांधलेले. हंगामाअखेर महिंद्र अकरा संघांत दहावा होता. 2024 मध्येही तो खालच्या निम्म्यातच राहिला.

हात बांधलेले असले तरी प्रोग्रॅम मोकळा होता. मोटरला कोणत्या क्षणी किती प्रवाह द्यायचा, ब्रेकमध्ये कुठून किती वीज परत घ्यायची, चालकाने कोठे पाय उचलायचा, यावर संघाने काम केले. निक दे फ्रीस आणि एदुआर्दो मोर्तारा हे दोन अनुभवी चालक आणले. 2024-25 च्या हंगामासाठी नवे साहित्य मंजूर करून घेण्याची खिडकी उघडली, आणि त्या हंगामात महिंद्र चौथा आला. दहाव्यावरून चौथा. कुलूप दोन वर्षांनी उघडणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते, म्हणून माणसे टिकली आणि पैसा टिकला. रेनोचे कुलूप चार वर्षांचे होते आणि पुढचे दार नव्या, अधिक खर्चिक इंजिनाकडे उघडत होते. दोन्ही कहाण्यांत खरा फरक पडला तो या मुदतीने.

2026 पासून लागू झालेल्या फॉर्म्युला वनच्या नियमांत हा धडा घेतलेला दिसतो. टर्बोवरचे महागडे वीजयंत्र काढून टाकले, चाकांशी जोडलेल्या मोटरची ताकद 120 वरून 350 किलोवॅट केली, इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा घातली. आणि मुख्य म्हणजे हंगामाच्या मध्येच प्रत्येक इंजिन किती मागे आहे ते महासंघ मोजणार. सर्वोत्तम इंजिनापेक्षा 2 टक्क्यांहून अधिक मागे असलेल्याला एक जादा सुधारणा, 4 टक्क्यांहून अधिक मागे असलेल्याला दोन. फुकटची ताकद कोणालाच मिळत नाही. मिळते ती काम करण्याची परवानगी. जिंकणाऱ्याला शिक्षा नाही, त्याचे इंजिन कोणी जड करत नाही. हीच तरतूद 2022 मध्ये असती, तर रेनोने फॉर्म्युला वनचे इंजिन बंद करण्याआधी दोनदा विचार केला असता.

या मोजमापात जळणाऱ्या इंजिनाचीच ताकद धरली जाते. बॅटरी आणि मोटर यांत मागे पडलेल्याला ही सवलत नाही. निम्मी ताकद विजेची होत असताना हे अपुरे आहे, आणि पुढच्या दुरुस्तीत ते भरून काढायला हवे. सगळीच ताकद विजेची असलेल्या फॉर्म्युला ईत महिंद्रने चौथ्या पिढीसाठी 2030 पर्यंत राहण्याचे जाहीर केले आहे. त्या गाड्या 2026-27 च्या हंगामात 600 किलोवॅट ताकद घेऊन उतरतील.